जवाचा चोथा आणि देवाचे दूध

गुरुदास हा आमच्या वाड्यावरचा गृहस्थ गेली पाच वर्षे बिअर तयार करण्याच्या व्यवसायात आहे. त्या पाच वर्षांत आपण बिअरपेक्षा खुलासेच अधिक तयार केले, असे तो म्हणतो. तो हे विनोदाने म्हणत नाही. दिवसभर उभे राहून काम केलेला माणूस जसा पायऱ्यांवर बसता बसता काहीतरी बोलतो, तसा त्याचा तो सूर असतो.

आमचा गाव पेडण्याच्या आतल्या भागात, इब्रामपूरच्या वाटेवर आहे. गुरुदासाने उमेदीची सोळा वर्षे डिचोलीकडच्या एका खाणीच्या प्रयोगशाळेत काढली. खनिजाच्या प्रत्येक नमुन्यात लोखंड किती टक्के, हे दशांश चिन्हापुढच्या दुसऱ्या अंकापर्यंत लिहून देणे हे त्याचे काम होते. खाणी बंद पडल्या तेव्हा तो पंचेचाळिशीला आला होता. पुढची दोन-अडीच वर्षे त्याने माडा-पोफळींच्या कुळागरात पाणी लावण्यात आणि वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानापर्यंत पोचण्यात घालवली. त्यानंतर पेडण्याच्या हमरस्त्याजवळ क्राफ्ट बिअरचा एक छोटा कारखाना निघाला. क्राफ्ट बिअर म्हणजे मोठ्या कंपनीची नव्हे, तर थोड्या प्रमाणात आणि आपल्या स्वतःच्या पद्धतीने केलेली. मोजमाप चोख ठेवणारा माणूस त्यांना हवा होता. गुरुदासाने मुलाखतीपूर्वी महिनाभर घरच्या पातेल्यात प्रयोग करून पाहिले आणि तो कामाला लागला.

त्या घरगुती प्रयोगांपासूनच गैरसमजांना सुरुवात झाली. आंबवण बरणीत ठेवले की आतला वायू नळीवाटे पाण्यातून बुडबुड करीत बाहेर पडतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बेडूक शिरला आहे असे समजून त्याच्या पत्नीने, ताराने, दोन दिवस केरसुणी घेऊन शोध घेतला. तिची समजूत एका वाक्यात पटली. गावाची मात्र आजतागायत पटलेली नाही.

याचे कारण असे की, आमच्या भागात दारू, म्हणजे आमचा सोरो, काय असतो हे कोणाला शिकवावे लागत नाही. काजूची बोंडे मळायची, रस आंबवायचा, भांडे भट्टीवर चढवायचे आणि वाफ थंड करून थेंब धरायचे, हे येथील प्रत्येक घराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. पहिल्या धारेचा हुर्राक, पुन्हा चढवली की फेणी. त्यामुळे गुरुदासाला भेटणारा प्रत्येक जण प्रथम भट्टीचीच चौकशी करी.

"गुरुदासा, भट्टी खंय लायली रे? धूर तर दिसना."

"भट्टी नाही. बिअर गाळीत नाहीत. नुसती आंबवतात."

"वाफ धरिना, तर सोरो येता खंयसून?"

याला उत्तर होते आणि गुरुदास ते देत असे. मोड आणून भाजलेले जव गरम पाण्यात भिजवायचे, त्याचे गोड पाणी काढून उकळायचे, थंड झाल्यावर त्यात पावाला लागते तसले यीस्ट घालायचे; बस्स. ऐकणारा मान डोलवी आणि निघताना सांगे, "बरें बरें. पयल्या धारेची काडशीत तेन्ना बाटलीभर दवर मरे आमकां."

आंब्या-काजूच्या दिवसांत एक शेतकरी बोंडांच्या दोन पाट्या घेऊन कारखान्याच्या फाटकापाशी आला आणि बिअर काजूची नसते म्हटल्यावर, आपला माल नाकारण्यासाठी ही सबब काढली असे समजून रुसून गेला. फेस येण्यासाठी रिठे किती घालतोस, असे एकाने अगदी विश्वासात घेऊन विचारले. परंतु या सर्वांवर कडी केली ती वीजजोडणीची कामे करणाऱ्या प्रशांतने.

"काका, ही तुमची बिअर एकादशीक चलता?"

गुरुदासाला वाटले, तो थट्टा करतो आहे. "दारू एकादशीला कशी चालेल रे?"

"तसां न्हय. जव म्हणजे धान्य. एकादशीक धान्य चलना. काजू म्हणजे फळ. म्हणान हांव त्या दिसा फेणीच घेतां."

प्रशांतच्या तर्कात दोष काढता येत नाही, असे गुरुदासाने मान्य केले. मला हे सांगताना तो हसला नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे वळतो. जवाचे गोड पाणी काढून घेतले की मागे ओला चोथा उरतो. गुरांना तो फार मानवतो. गुरुदासाच्या शेजारी पद्मावतीकाकी राहतात. वय सत्तरीपलीकडे, घरी दुसरे कोणी नाही, दावणीला तांबू नावाची एक गाय. ग्रामदेवतेच्या अभिषेकाला रोजचे दूध काकींच्या घरून जाते. त्यांच्या सासूने हा नेम चालवला, तिच्यामागे काकींनी एकतीस वर्षे, सुतकाचे दिवस वगळता एकही खाडा न करता. सुग्रास हे पशुखाद्य महाग झाले आणि तांबूचे दूध आटू लागले, तेव्हा गुरुदासाने कारखान्याच्या परवानगीने रोज संध्याकाळी एक पोते चोथा आणून द्यायला आरंभ केला. गाय सुधारली. देवळात न्यायचा तांब्या पुन्हा काठोकाठ भरू लागला.

गेल्या पौषातील एका दुपारी तांबू म्हापशाच्या बसपुढे रस्त्यात बसली. चालकाने भोंगा वाजवला, वाहकाने उतरून शेपटी पिळली, पण ती ऊठ म्हणता उठेना. बसमध्ये देवस्थान समितीचे अध्यक्ष नारायणबाब होते. त्यांनी खिडकीतून पाहिले, हुंगले आणि निष्कर्ष काढला. गाय वयाने थकली होती, चरून आल्यामुळे तिला जड झाले होते आणि रस्ता उन्हाने सुखद तापला होता, ही तीन कारणे कोणाच्याही मनात आली नाहीत. संध्याकाळपर्यंत गावभर झाले की, गाय बिअर पिऊन धुंद झाली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी काकींचा तांब्या देवळाच्या पायरीवरून परत आला.

काकींनी ते दूध घरी आणून झाकून ठेवले. प्यायल्या नाहीत, कोणाला दिलेही नाही. "एकतीस वर्सां," एवढेच त्या म्हणाल्या. गुरुदास त्यांच्या ओसरीवर उभा होता. हे आपल्यामुळे झाले आणि ते आपणच निस्तरले पाहिजे, असे त्याने त्याच क्षणी ठरवले.

समितीची सभा रविवारी सभामंडपात भरली. निबंधकाच्या कचेरीत माझी हयात गेल्यामुळे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. गुरुदास परातीत ताजा चोथा घेऊन आला होता. त्याने सर्व क्रम सांगितला. चोथा वेगळा काढतात तेव्हा यीस्ट घातलेलेच नसते. म्हणजे दारू होण्यापूर्वीच तो बाहेर पडतो. त्याने स्वतः मूठभर खाऊन दाखवला. एकदोघांनी चाखला. पेजेसारखा लागतो, असे कोणीतरी म्हणाले. माझ्या मते प्रकरण तेथेच मिटत होते.

इतक्यात नारायणबाबांनी विचारले, "म्हणजे ह्यात सोरो अजिबात ना? शंबर टक्के?"

येथे दुसऱ्या कोणीही 'नाही' म्हटले असते. परंतु सोळा वर्षे दशांश लिहिलेला माणूस तो. गुरुदास म्हणाला, "ताजा असेल तर नाही. दोन दिवस तसाच ठेवला तर तो आपोआप आंबतो. मग किंचित दारू होते. पण मी रोज ताजा आणतो."

"आयकलां? किंचित होता म्हणता!"

"अहो, तेवढी इडलीच्या आंबलेल्या पिठातसुद्धा होते."

हे त्याने बोलायला नको होते. सभा आता इडलीकडे वळली. एका सदस्याची सून दर रविवारी मुलांसाठी इडल्या करीत असे. तो उठून उभा राहिला. "म्हणजे आमच्या घरांत नेणतीं भुरगीं सोरो खातात म्हणपाचें आसा तुमकां?" तेथून चर्चा माडाच्या सुरेने फुगवलेल्या सान्नांवर गेली, सान्नांवरून पावावर. गावाच्या वेशीवरच्या राखणदार देवाला आपणच दरवर्षी सोरो चढवतो, मग गायीचे काय घेऊन बसलात, असे मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले. "राखणदाराची गजाल वेगळी," असे नारायणबाबांनी सुनावले. गुरुदास परात मांडीवर घेऊन खाली पाहत बसला होता. दीड तासानंतर ठराव झाला की, देवाचा कौल घ्यावा.

आमच्याकडे ही रीत जुनी आहे. पाषाणमूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलांच्या ओल्या पाकळ्या लावतात आणि गुरव गाऱ्हाणे घालतो, म्हणजे देवापुढे प्रश्न मांडतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाण्याचे शब्द लिहून देण्याचे माझ्याकडे आले. नारायणबाबांनी सांगितले, "लिही: तांबूच्या दुधात सोरो आसा काय ना?"

गुरुदासाने मान वर केली. "हे देवाला विचारू नका. हे तपासायचे असते. पाकळी उलटी पडली तर नसलेली दारू दुधात येणार नाही. तुम्हाला विचारायचे ते एवढेच की, काकींनी दूध आणावे की नाही."

मला त्याचे म्हणणे रास्त वाटले. मी त्याप्रमाणे लिहिले: 'पद्मावतीने अभिषेकाचे दूध पूर्ववत आणावे किंवा कसे.' नारायणबाबांनी दोनदा वाचले आणि त्यात हरकत घेण्याजोगे काही न सापडल्याने सही केली.

सोमवारी सकाळी कौल लावला. काकी खांबाशी उभ्या होत्या. लुगड्याचा पदर त्यांनी दोन्ही मुठींत धरला होता. गुरुदास बाहेर, चपला काढतात तेथे थांबला. गुरवाने गाऱ्हाणे घातले. पाऊण तास कोणतीही पाकळी हलली नाही. एक सदस्य कामाला उशीर होतो म्हणून गेला. मग उजवीकडची पाकळी सुटली आणि खाली आली.

काकी रडल्या नाहीत. त्या घरी गेल्या, तांब्या घासला, सकाळचे दूध त्यात ओतून परत आल्या आणि नारायणबाबांच्या समोरून गाभाऱ्यापर्यंत गेल्या. बत्तिसावे वर्ष त्या दिवशी पुढे चालू झाले.

प्रकरण इतक्यावर थांबले असते तर गुरुदासाला चार दिवस विश्रांती मिळाली असती. आठवड्याच्या आत बातमी पसरली की, देवाने गुरुदासाच्या बिअरला कौल दिला. फाटकावर मोरजीहून एक गृहस्थ आले. मुतखड्यावर देवाची मान्यता मिळालेली बिअर येथेच मिळते ना, असे त्यांनी विचारले. त्यांना उत्तर देताना गुरुदास भिंतीला टेकला होता, असे त्याने मला सांगितले.

त्याच संध्याकाळी तो पोते घेऊन काकींच्या गोठ्यात आला, तेव्हा मीही तेथे होतो. काकी तांबूच्या मानेवर हात फिरवीत होत्या.

"गुरुदासा, एक सांगू? रागावू नको."

"सांगा काकी."

"ह्यात थोडा सोरो आसता तें माकां पयल्यापासून म्हायत आसा."

गुरुदासाने पोते खाली ठेवले. "काकी, त्यात सोरो नाही."

"असूं दी रे. म्हातारी जाली ती. गुडघे दुखतात तिचे. आतां कशी शांत निजता." मग आवाज किंचित खाली आणून त्या म्हणाल्या, "देवाक सगळां कळता. त्यानच चलता म्हणान सांगलां न्हय?"

गुरुदासाने माझ्याकडे पाहिले. जव, गरम पाणी, गोड रस, यीस्ट, असा तो सगळा क्रम त्याच्या तोंडावर येऊन थांबलेला मला दिसला.

"काकी," तो म्हणाला, "आजचा चोथा आजच घाला. उद्यावर ठेवू नका."

"ना ना. उद्यां कित्याक? रोज ताजोच घालतां हांव."

त्याने पोत्याचे तोंड सोडले आणि चोथा तांबूपुढे ओतला.