फळं तुमच्याकडे

"तुमच्या घरचं शिजवलेलं मी खाणार नाही. आई म्हणालीय."

रोहन हे मराठीत बोलला. अख्ख्या क्लासमध्ये ते कळलं मला एकटीला.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची शाळा, इयर एट. हिस्ट्रीच्या तासाला नाटक चाललं होतं. क्रुसेडला, म्हणजे धर्मयुद्धाला निघालेले सरदार कॉन्स्टँटिनोपलला पाहुणे म्हणून येतात. बायझंटाइन सम्राट त्यांना जेवण देतो. एका सरदाराला संशय, विष घातलंय. तो शिजवलेल्याला हात लावत नाही, कच्चं मांस तेवढं घेतो, आपल्या आचाऱ्याकडून शिजवून घ्यायला. सम्राट मी. सरदार रोहन. कच्च्या मांसाच्या जागी सफरचंदं होती. ताटात माझ्या आईनं कामावर जायच्या आधी तळून दिलेल्या पुऱ्या.

त्यानं नाक मुरडलं आणि सफरचंद उचललं. मिसनं टाळ्या वाजवल्या. "ब्रिलियंट, रोहन! सो कन्व्हिन्सिंग!" मग सगळ्यांनीच वाजवल्या. माझ्या अपमानाला टाळ्या पडल्या, हो! अजून ऐकू येतात. पीठ मळताना. गाडी चालवताना.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भांडी विसळत होती. नळ चालूच राहिला.

रोहनचे आईबाबा पुण्याहून नवे आले, तेव्हा घर मिळेपर्यंत आमच्याकडेच राहिले होते. आईच्या हातचं चाटूनपुसून खात होते. मग त्यांना आमची जात कळली. तेव्हापासून मराठी मंडळाच्या प्रत्येक जेवणाला रोहनच्या आईचा फोन: "ताई, तुम्ही किती दमता! तुम्ही आपली फळं आणा फक्त." आई बिचारी खूश. लोकांना आपली काळजी आहे, म्हणायची. एकेक आंबा हुंगून घ्यायची.

"म्हणून फळं होय," आई म्हणाली. बस्स. पुन्हा कधी त्यावर बोलली नाही. फळं मात्र नेत राहिली, मरेपर्यंत. तेव्हा मला तिचा राग यायचा. आता तिच्या त्या गप्प बसण्याची भीती वाटते. ते माझ्यातही असेल तर?

परवा रोहनच्या आईचा मेसेज आला. "ताई गेल्या, फार वाईट झालं. शनिवारी मंडळाच्या जेवणाला फळं तू आणशील ना गं?"

मी लिहिलं, "फळं नाही आणणार, काकू. मसुराची आमटी आणतेय. मी शिजवलेली."

मेसेज वाचल्याची निळी खूण आली.

शनिवारी आईचं मोठं पातेलं घेऊन जाणार. टेबलाच्या मधोमध ठेवणार, झाकण काढून. ज्याला नको, त्यानं का नको ते पोराबाळांदेखत, मोठ्यानं, इंग्लिशमध्ये सांगायचं. सफरचंद मिळणार नाही.