एच-फोर

वाडीच्या गोदामांजवळ सरकीच्या ढेपेचा वास आला की मला प्रताप नगरातली ती दुपार आठवते. मला पाहायला मुलाकडचे मामाच्या घरी आले होते. मुलगा अमेरिकेत होता. कोथिंबिरीची सांबारवडी खाता खाता त्याची आई म्हणाली, "लग्न झालं की हिला एच-फोर मिळेल." बाबा एकदम खुलले. "एच-फोर? आमच्या वावरात होतं ना. बोंड मोठं येते त्याचं." मामाने घाईघाईने समजावलं, की हे कपाशीचं बियाणं नाही, नवऱ्यासोबत राहायला बायकोला मिळणारा व्हिसा आहे. "फक्त त्यावर नोकरी करता येत नाही," मुलाची आई म्हणाली. मी तेव्हा नुकतीच फिजिओथेरपिस्ट म्हणून कामाला लागले होते. बाबांनी हातातली वडी बशीत ठेवली. "आमच्या एच-फोरचं भी तसंच. पीक चांगलं येते, पण त्याचं बी दुसऱ्या साली पेरता येत नाही. दर साली दुसऱ्याच्याच भरवशावर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुले चालते का वं?" तोवर हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी नाही म्हटलं. आता वाडीत माझाच दवाखाना आहे. ढेपेची पोती वाहणारे हमाल कंबर धरून येतात. एल-फाइव्ह मणका वगैरे मी नंतर सांगते, आधी विचारते, "कुठं दुखते भाऊ?"