सत्तूरबाईंच्या ओंडक्यातलं मोहोळ

"वेठबिगारी नाही तर काय म्हणायचं त्याला?" सून म्हणाली. "पेटीत कोंडायचं, टेम्पोत घालायचं आणि तुझ्या टरबुजांवर नेऊन सोडायचं. त्यांना कुणी विचारलं?"

"मधमाश्यांना?"

"हो, मधमाश्यांना."

"बरं. सकाळी जाऊन विचारतो," मुलगा म्हणाला. "आणि तू टरबूज खातेस ते गं? ते माश्यांशिवाय धरतं?"

"आजपासून मी टरबूज सोडलं."

"आणि बदामाचं दूध? बदामालाही माश्याच लागतात."

गाईचं दूध सुनेने लग्नाआधीच सोडलं होतं, मध लग्नानंतर. बदामांच्या दुधावरच तिचा चहा चालायचा. "बदामांचं मला वाचून बघावं लागेल," ती म्हणाली.

"वाच, वाच. मग पाणी पिऊन राहा."

सत्तूरबाई दारात चपला काढत होत्या. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. भांडण त्यांच्याच दुकानातल्या, मटण तोडायच्या ओंडक्यावरून चाललं होतं, पण आठवडाभरात त्या भांडणाला स्वतःचे पाय फुटले होते. त्यात आता त्यांची गरज उरली नव्हती. त्यांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि बाहेरच्या खोलीत नजर फिरवली.

घरातली ही एकच खोली रस्त्यावर उघडायची. रुंद खिडकी, खाली कमरेइतका कट्टा. कट्ट्यावर मुलाच्या टरबुजाच्या रोपांचे ट्रे, कारण ऊन इथेच यायचं. सोफ्याच्या मागे सुनेच्या मंडळाचे फलक: 'दूध वासराचं आहे', 'पक्ष्यालाही आई असते'. दर आठवड्याला मंडळाची सभा इथेच भरायची. आणि खिडकीच्या नेमक्या खाली नवऱ्याची आरामखुर्ची, जिच्यात बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवत आणि देशाची काळजी करत.

"माझं ऐकाल तर," खुर्चीतून ते म्हणाले, "रॉकेलचा एक बोळा. पाच मिनिटांचं काम. आठवडा झाला, घरात हाडाचा तुकडा नाही. सूप म्हणजे नुसतं कोमट पाणी."

"बाबा, हे बोलणंसुद्धा गुन्हा आहे," सून म्हणाली.

"मग मला पकड, सूनबाई. तुरुंगात निदान नळी तरी देतील चोखायला."

सत्तूरबाईंचं खरं नाव वेगळं होतं, पण ते त्यांना हाक मारायला कुणी वापरत नसे. त्यांच्या वडिलांचं मटणाचं दुकान. मुलगा नव्हता, म्हणून उपड्या खोक्यावर उभं करून त्यांनी पोरीच्याच हातात सत्तूर दिला. पहिली गोष्ट शिकवली ती ही, की डोळ्यांनी कापायचं नाही, कानांनी कापायचं. सत्तूर ओंडक्यावर पडला की ओंडका सांगतो सांधा कुठे आहे, हाड कोवळं की जून, जनावर धावलेलं की बसून खाल्लेलं. चाळीशी लागेपर्यंत सत्तूरबाई गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, तिकडे न बघता आख्खी मांडी मोडून मोकळ्या होत. लोक म्हणत, बाईंच्या तुकड्यात कधी हाडाची कच लागत नाही. नवरा गिऱ्हाईक म्हणून यायचा, नंतर जावई म्हणून आला आणि घरातच राहिला. मटण त्यांना तिन्ही त्रिकाळ लागे, पण कापताना बघितलं की घेरी येई. म्हणून दुकानात त्यांच्याकडे एकच काम होतं: संध्याकाळी मीठ-लिंबाने घासलेल्या ओंडक्याला तेल लावणं. तेवढ्यावर ते स्वतःला दुकानाचे भागीदार म्हणवत.

ओंडका वडिलांच्याही आधीचा. तीन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढ्या झाडाचा बुंधा. आतून तो कधीचाच पोकळ झाला होता, आणि दाराकडच्या अंगाला मुठीएवढं गाठीचं भोक होतं. त्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. भाचीच्या लग्नासाठी दुकान आठवडाभर बंद ठेवलं, परत आल्यावर शटर वर केलं, पहिली मांडी घेतली, सत्तूर हाणला, आणि ओंडका गुरगुरला.

सत्तूरबाईंना आधी वाटलं, कानात काही झालंय. दुसरा घाव घातला तशा भोकातून मधमाश्या बाहेर आल्या. पहिलं गिऱ्हाईक बँडवाला होता. त्याच्या ओठाला एक चावली आणि पुढचे चार दिवस गावात बँड वाजला नाही.

मधमाशी संरक्षण समितीचे अध्यक्ष दाताचे डॉक्टर होते. ते त्याच दुपारी आले. वाकून त्यांनी भोकात पाहिलं, जणू खालची दाढ बघतायत. मग म्हणाले, "उत्तम वसाहत. फुलांचा मोसम संपेपर्यंत नियमाने हिला हलवता येणार नाही. हादरा देता येणार नाही."

"आणि मी कापू कशावर?"

"कापा ना, अवश्य कापा. फक्त आपटू नका." त्यांनी भिंतीला पाटी लावली: 'येथे मधमाश्या नांदत आहेत. कृपया आवाज करू नये.' जाताना दारात घोटाळले, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "तेवढा माझा नेहमीचा खिमा..."

"खिमा आपटूनच होतो, डॉक्टर."

डॉक्टरांनी स्वतःच लावलेल्या पाटीकडे पाहिलं आणि रिकाम्या हाताने गेले.

त्या दिवसापासून दुकान कुजबुजत चालू लागलं. सत्तूरबाई कोपऱ्यातल्या टेबलावर प्लास्टिकची फळी ठेवून पातळ सुरीने मऊ मांस तेवढं कापून देत. हाड मोडायचं म्हणजे घाव घालायचा, आणि टेबलावर घाव घातला तरी फरशीतून हादरा ओंडक्यापर्यंत पोहोचायचा. तेव्हा हाड आख्खंच. गिऱ्हाइकं रांगेत टाचा वर करून उभी राहत, "अर्धा किलो" असं कानात सांगत, आणि आख्खी मांडी बंदुकीसारखी खांद्यावर टाकून घरी नेत. ती मोडायला बहुतेक जण सुताराकडे जात. सुतार आधी खुर्च्या करायचा, आता हाडं करवतायला लागला. त्याच्याकडे संध्याकाळी रांग लागे.

मग राजकारण आलं. बाजार समितीची निवडणूक तोंडावर होती: मटणविक्रेते एका बाजूला, पालेभाजीवाले आणि सुनेचं मंडळ दुसऱ्या. सुनेच्या मंडळाने दुकानात येऊन सासूबाईंना फुलांचा गुच्छ दिला. एका बाईने, अर्थात कुजबुजत, भाषण केलं: माश्यांनी स्वतः होऊन हिंसेची जागा निवडली आणि तिथे शांतता आणली, हा निसर्गाचा कौल आहे. भाषण सुनेने लिहून दिलेलं होतं. गुच्छातल्या फुलांवर माश्या तुटून पडल्या, म्हणून टाळ्या वाजवता आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मटणविक्रेत्यांच्या संघटनेचा निरोप आला: हा पालेभाजीवाल्यांचा कट आहे, माश्या रात्रीत आणून सोडल्यात, आणि घरातली सून फितूर आहे. तरीही बाई आमच्याच. दोन्ही पक्षांनी भिंतींवर सत्तूरबाईंचा फोटो लावला. फोटो एकच, दुकानात ओंडक्यापाशी काढलेला, पण हसू कुणाच्या तरी बारशातल्यासारखं. एका पक्षाने हातातला सत्तूर कापून तिथे माशी चिकटवली होती. दुसऱ्याने सत्तूर ठेवून ओंडका कापला होता, त्यामुळे बाई हवेतच वार करताना दिसत.

सत्तूरबाईंना कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की माझा उजवा हात संध्याकाळी ठणकतो. काम करून नाही, न करून. निम्मी गिऱ्हाइकं पाकिटातलं गोठलेलं मटण घ्यायला लागली होती. आणखी महिनाभर असंच चाललं तर शटर कायमचं खाली. पण हेही खरं, की रोज दुकान बंद करताना त्या ओंडक्याला कान लावत. आत एकसंध घुमत असे. एवढी वर्षं घाव घातल्याशिवाय बोलला नव्हता, आता आपणहून बोलत होता. हे त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. सुनेने त्याचं भाषण केलं असतं आणि मुलाने टवाळी.

आज डॉक्टरांनी वाट काढली होती. घरच्यांनी एकमताने जागा सुचवली तर समिती अपवाद करून ओंडका माश्यांसकट हलवायला परवानगी देईल. उद्या सकाळपर्यंत सांगा. एकमत हा शब्द ऐकल्यापासून घरात हे चाललं होतं.

"शेतात माझ्या जाईल, विषय संपला," मुलगा म्हणत होता. "सावली आहे, पाणी आहे, फुलोरा आहे. आईचं दुकान यातून सुटेल."

"तुझी टरबुजं सुटतील. आमच्या मंडळाची बाग आहे, तिथे त्या कुणाच्या नोकर नसतील."

"तुमच्या बागेत फुलं आहेत का?"

"लावणार आहोत."

सत्तूरबाई त्यांच्यामधून खिडकीपाशी गेल्या. मुलाचा एक ट्रे बाजूला सरकवून त्यांनी कट्ट्यावर वीत ठेवली, मग दुसरी, मग तिसरी.

"आई, रोपं कोवळी आहेत," मुलगा म्हणाला, आणि पुन्हा बायकोकडे वळला. "आणि निसर्गाचा कौल वगैरे सोड. माश्या उगाच येत नाहीत. वास लागतो त्यांना. जुन्या पोळ्याच्या मेणाचा वास लागला की झुंड उतरते. आम्हीही रिकाम्या पेटीला तेच चोळतो." बोलता बोलता तो थांबला. "माझ्या शेडमधला मेणाचा काळा गोळा कुठे गेला?"

खुर्चीत नवरा रस्त्याकडे फार मन लावून बघू लागला.

"बाबा?"

"तेल संपलं होतं," ते म्हणाले. "लग्नाला निघायची घाई. लाकडाला मेण चांगलं असतं. तुझ्या त्या पेटीत एवढा मोठा गोळा नुसता पडला होता. गरम केला आणि लावला सगळीकडे. भोकापाशी जरा जास्त लागला."

सुनेने कपाळाला हात लावला. निसर्गाचा कौल तिच्या सासऱ्याने फडक्याने चोळून आणला होता, आणि ते भाषण छापून सगळ्या गावात वाटून झालं होतं.

"म्हणजे त्या माझ्याच मेणावर आल्या," मुलगा म्हणाला. "म्हणजे माझ्या."

"मेण माश्यांचं होतं," सून म्हणाली, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

"लावलं मी," नवरा म्हणाला. "त्या हिशेबाने माझ्या. म्हणून म्हणतो, रॉकेल..."

"उठा जरा," सत्तूरबाई म्हणाल्या.

"कुणी, मी?"

"तुम्हीच. खुर्ची सरकवायची आहे."

ते उठले. सत्तूरबाईंनी खुर्ची भिंतीकडे ढकलली आणि रिकाम्या झालेल्या फरशीवर दोनदा टाच आपटली. फरशी भक्कम होती. एवढा मोठा आवाज त्यांनी आठवड्यात केला नव्हता. हाताचं दुखणं क्षणभर थांबल्यासारखं झालं.

"तुम्हाला एक माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांनी दुकानात फरशी घातली ती ओंडक्याभोवती. त्याचा बुडखा जमिनीत हातभर खाली आहे. उचलायला गेलात तर करवतावा लागेल, आणि पोकळ लाकूड आहे, उभं चिरेल. मग माश्याही गेल्या आणि ओंडकाही."

"मग काय करायचं?" मुलगा म्हणाला.

"मोसम संपला की जातील कदाचित," सून म्हणाली. "तोपर्यंत थांबायचं, आई."

"माझा हात थांबत नाही."

त्या सोफ्याजवळ गेल्या, फलक एकेक करून उचलले, नीट एकावर एक ठेवले आणि सुनेच्या हातात दिले. मग टरबुजांचा पहिला ट्रे उचलून मुलाच्या हातात दिला. नवऱ्याला द्यायला काही उरलं नाही, म्हणून त्यांना खिडकीची कडी काढायला सांगितली. कडी काढून ते बाजूला उभे राहिले. रस्त्यावरून जाणारा बँडवाला आत डोकावला, ओठ अजून थोडा सुजलेला. सत्तूरबाईंनी त्याला मान हलवून ओळख दिली आणि घरच्यांकडे वळल्या.

"ओंडका हलणार नाही. दुकान हलेल," त्या म्हणाल्या. "तिथे माश्या राहतील, इथे मी कापणार. सुताराला नवा ओंडका सांगून आलेय, उद्या दुपारी येईल, या खिडकीखाली बसेल. रोपं गच्चीवर, फलक पलंगाखाली, खुर्ची स्वयंपाकघरात. खिडकीचे गज काढायला मिस्त्री सकाळीच येतोय. त्याच्या चहात दूध कोणतं घालायचं तेवढं तुम्ही तिघं ठरवा."