चार वाजताचे कपडे

तिचं ‘ताठबाई’ हे नाव मीच पाडलं, आणि कौतुकाने नाही. माझ्या सहा महिन्यांच्या नातीच्या पोटात दूध टिकत नसे. प्यायलेलं सगळं घशाशी यायचं आणि पोरगी पाठीची कमान करून किंचाळायची. म्हणून दिवसभर तिला सांभाळायला ठेवलेली ही बाई प्रत्येक दुधानंतर तिला छातीशी उभी धरून अर्धा तास ताठ उभी राहायची. बसायचं नाव नाही. समोर टेबलावर वर्तमानपत्र पसरून पोरीला निधनवार्ता मोठ्याने वाचून दाखवायची.

“अगं, दुसरं काही वाच की!”

“आजी, या पानावर कुणी भांडत नाही. बाळ शांत राहतं.”

डॉक्टरांनी वरचं अन्न सुरू करायला सांगितलं, तेही तिच्याच हाती आलं. एक भाजी शिजवायची, गाळायची, चार चमचे भरवायची. तीन दिवस तीच, मग दुसरी. आंबट अजिबात नाही. काय दिलं, काय झालं, सगळं वहीत. चार चमचे भोपळ्याचं पाणी! मी विज्ञानाची पदवीधर, तीन मुलं वाढवलेली. मला हा सोहळा बघवेना. लेकराच्या जिभेला काही चव नको?

ताठबाई रोज चार वाजता गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची. तेवढ्या दहा मिनिटांत मी नातीला संत्र्याचा रस द्यायची. दोनच चमचे. पोरगी मिटक्या मारायची, आणि मला वाटायचं, आजीलाच कळतं शेवटी.

संध्याकाळी उलटी. वहीत लिहिलं जायचं, ‘गाजर – उलटी’, आणि गाजरावर फुली. मग रताळ्यावर फुली. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला संशय आला नाही असं म्हणणार नाही. आला, आणि मी तो झटकला. रस थांबवला असता तर आपलं चुकलं हे कबूल करावं लागलं असतं, निदान स्वतःशी तरी.

वजन वाढेना. एका संध्याकाळी लेक कामावरून आली ती चपलाही न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

“आई, बाई हिला दुधानंतर लगेच आडवी करते का गं? तू घरात असतेस. तुला काही दिसतं?”

“मी काय दिवसभर तिच्यावर पहारा ठेवते?”

एवढंच बोलले. त्यात एक शब्द खोटा नाही. त्या वाक्याची मला आजही शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी लेकीने तिला सांगितलं, शनिवारपासून येऊ नका. ताठबाई चमचा विसळत होती.

“ताई, वीस वर्षं बाळं सांभाळतेय. नवीन घरचे लोक तुम्हालाच फोन करून विचारतील. काय सांगणार? बाईला बाळ धरता येत नाही?”

लेकीने पर्स उचलली आणि ती कामाला निघाली. मी मूग गिळून बसले.

शनिवारला चार दिवस होते. त्यातल्या पहिल्या तीन दिवसांत ताठबाई गच्चीवर गेलीच नाही. धुतलेले कपडे बादलीत कुबट वास मारायला लागले. चार वाजले की ती नातीला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात, बरोबर माझ्यासमोर येऊन उभी राहायची आणि कोण कोण गेलं ते वाचायची. तीन दिवस एकही उलटी नाही.

“पाहिलंस?” जेवताना लेक म्हणाली. “धाक बसल्यावर कशी नीट करतेय!”

मी घास ताटात परत ठेवला. करून सवरून नामानिराळी राहायची माझी तयारी होती, पण हे ऐकवेना.

“संत्र्याचा रस मी देत होते,” मी म्हटलं. “रोज. तीन आठवडे.”

तिचा हात ताटातच थांबला. “मी विचारलं तेव्हा?”

“तेव्हाही.”

ओरडली असती तर बरं झालं असतं. “मला नको सांगूस. तिला सांग,” एवढंच म्हणून ती उठली.

सकाळी ताठबाई चपला काढत होती तेवढ्यातच सांगून टाकलं, नाहीतर धीर सुटला असता.

“माहीत होतं,” ती म्हणाली. “रताळ्यावर फुली मारल्यावर कळलं. दुपट्यांना संत्र्याचा वास येतो. धुते मीच ना.”

“मग बोलली का नाहीस?”

“ताईंनी आईचं ऐकलं असतं का माझं?”

“राहशील?” मी विचारलं.

तिने चपला भिंतीशी नीट लावल्या. “राहीन. पण चार वाजता कपडे तुम्ही वाळत घालायचे.”

त्याला आता दोन महिने झाले. गुडघे कुरकुरतात, पण रोज चार वाजता बादली घेऊन जिने चढते. वहीतली गाजरावरची फुली मीच खोडली; गाजर पोरीला छान पचतं. परवा गच्चीवर शेजारीण म्हणाली, “हे काय, तुम्ही? बाई सोडून गेली वाटतं!”

मी नुसतीच नकारार्थी मान हलवली. तोंडात चिमटा होता. तो काढून खरं कारण सांगता आलं असतं. नाही सांगितलं.