गॅरेजच्या भिंतीवरचा पाइप

ती घटना आठवली की आजही माझ्यापुढे खाली गेलेल्या माना उभ्या राहतात, आणि माझीही मान वर राहत नाही.

तेव्हा मी घाटकोपरच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. एका सकाळी मासळीने भरलेली व्हॅन टेकडीच्या उतारावरून सुसाट खाली आली आणि नाक्यावर हारफुलं विकणाऱ्या बाईला धडकली. बाईचा पाय मोडला. लोकांनी ड्रायव्हरला चोप देऊनच ठाण्यात आणलं. पन्नाशीचा, मालवणकडचा माणूस. ओठ फुटलेला, कपड्यांना मासळीचा वास.

"पाय मारलो साहेबानू, पण पेडल खालीच गेलो. गाडी थांबाक नाय."

आमचा हवालदार म्हणाला, "साहेब, ह्या मुंबईत माणूस कधी चुकतच नाही. चुकतो तो ब्रेक!"

सगळे हसले. अपघात करून आलेला जो तो ब्रेकवर ढकलतो, हे आम्हाला पाठ होतं. वैद्यकीय तपासणीत दारू निघाली नाही, तरी हयगयीने वाहन चालवल्याचा गुन्हा नोंदवून त्याला अटक केली.

दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासायला आले. गाडीखालून बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पेन्सिलीहून बारीक, लालसर पाइपचा तुकडा होता. टोकाशी चिरलेला.

"हा ब्रेकचा पाइप नाही, फ्रिजचा आहे," ते म्हणाले. "पेडल दाबलं की आतल्या तेलावर प्रचंड दाब येतो. तो सोसायला दुहेरी भिंतीचा पोलादी पाइप लागतो, वरून गंज न धरणारा थर दिलेला. नाहीतर ब्रेकसाठीच बनवलेला, तांबं आणि निकेलच्या मिश्रणाचा. नुसतं तांबं हाताने वाकतं, म्हणून गॅरेजवाल्यांना आवडतं. पण गाडीच्या थरथरीने ते कडक होत जातं आणि एक दिवस चिरतं. टोकही बघा, एकदाच दुमडलंय. दोनदा दुमडायला हवं. तेल गळलं, अर्धा ब्रेक गेला. उरलेल्या अर्ध्यावर भरलेली गाडी उतारावर काय थांबणार?"

म्हणजे माणूस खरं बोलत होता. मी त्याला विचारलं, "हा पाइप कोणी घालायला सांगितला?"

तो फरशीकडे बघत म्हणाला, "मियाच."

गाडीची मालकीण ट्रॉम्बेकडच्या कोळीवाड्यातली. नवऱ्यामागे धंदा एकटीने उभा केलेली. तिनेही जबाबात हेच सांगितलं, "गाडीचं सगळं तोच बघतो."

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज, नाव सांगायला तयार नाही. "ड्रायव्हर खोटं बोलतोय. गॅरेजच्या भिंतीवर बघा," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

गॅरेजवाला तोंडाचा तिखट. "साहेब, गिऱ्हाईक बोलेल ते आपण लावतो. आपला काय संबंध?"

"गिऱ्हाईक बोललं तर ब्रेकच काढून ठेवशील?"

भिंतीवर जुन्या बेल्टांच्या गर्दीत एक वेटोळं टांगलेलं होतं. पोलादी ब्रेक पाइप, पिशवीसुद्धा न फोडलेला.

"हा कोणाचा?"

"त्या ड्रायव्हरचा. त्यानेच आणलेला," तो चाचरत म्हणाला. "तेवढ्यात मालकिणीचा फोन आला, तांब्याचाच घाल. ड्रायव्हर नको नको म्हणत होता. ती ओरडली, गाडी माझी की तुझी रे? टांग तो तुझा पाइप भिंतीला! मग हा गप्प बसला. मी पण लावून मोकळा झालो."

"तुला ठाऊक होतं, हा फ्रिजचा आहे?"

त्याची मान खाली गेली. "सगळेच लावतात, साहेब."

'सगळेच' नावाच्या आरोपीला मी उभ्या नोकरीत कधी बेड्या घालू शकलो नाही. पण त्याच्याआड लपलेल्या माणसाला सोडायचं नाही, एवढं तरी माझ्या हातात होतं.

महिला शिपाई घेऊन मी कोळीवाड्यात गेलो. पाइप भिंतीवर आहे हे ठाऊक असलेली माणसं तीनच, आणि त्यात बाई एकच.

"फोन तुम्हीच केलात ना?"

तिने पदर तोंडाशी नेला. "मासळीचं खारं पाणी गळून गाडीखालचं लोखंड सडतं, सायब. दोनदा पाइप सडला. मना वाटलं, तांब्याला काय होतंय? घरात सासूच्या सासूची तांब्याची भांडी अजून जशीच्या तशी आहेत. वाड्यातल्या बाया माझा सल्ला घेतात. माझ्या हट्टापायी एका बाईचा पाय मोडला, हे कोणत्या तोंडाने सांगू? आणि तो आत बसलाय, ते पण बघवंना."

मी परत आलो ते ड्रायव्हरला सोडवल्याच्या आनंदात. "मालकिणीने सगळं सांगितलं. तू उगाच दुसऱ्याचं ओझं डोक्यावर घेतलंस."

"गुन्ह्यातसून माझा नाव काढू नकात, साहेबानू."

"का रे बाबा?"

"तिका म्हायत नाय होता. माका म्हायत होता." तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलत होता. "म्हायत असान मी रोज त्या उतारार गाडी घातलंय. नोकरी जायत म्हणान गप रवलंय."

पहिल्या दिवशी हसताना मला जे कळलं नव्हतं आणि आता सोडताना जे कळत नव्हतं, ते तो आरोपी मला सांगत होता. दोषारोपपत्रात तिघांची नावं गेली. माणसाला योग्य काय ते ठाऊक नसतं, म्हणून अपघात होतात असं मी समजत होतो. ठाऊक असलेला माणूस गप्प बसतो, तेव्हाही ते होतात. आपण त्या गप्प बसण्याला समजूतदारपणा म्हणतो. तो गुन्हा आहे.

दोषारोपपत्र देण्याआधी जबाब पुरा करायला मी इस्पितळात गेलो होतो. फुलवाल्या बाईचा पाय प्लास्टरमध्ये होता. तिला मी सारं समजावून सांगितलं.

"म्हंजे चांगला पाइप होता तिथं?" तिने विचारलं.

"होता."

"आणि त्याला म्हाईत पण होतं?"

"होतं."

"मग लावला का नाय, साहेब?"

जबाबात तिचा तो प्रश्न मी लिहून घेतला. उत्तराची जागा आजही कोरी आहे.