गर्जे बाईंचं बोलणं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, ज्यांच्या हाताखाली संशोधन केलं त्या सरांजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट माहीत नाही.

सावेडीतल्या एका कॉलेजात मी होणाऱ्या शिक्षकांना शिकवतो. मुलांची घरची बोली वर्गात येऊ द्या, असं सांगणारा माणूस म्हणून मला लोक ओळखतात. माझी पीएच.डी. त्याच विषयावरची. ती वाचून कुणी फोन करतं, सर, डोळे उघडले म्हणतं. मी आभार मानतो. ते कौतुक मात्र माझं नव्हे — कारण त्या प्रबंधात एक बाई आहे, आणि तिच्याशी मी काय केलं, ते त्यात नाही.

गर्जे बाई पाथर्डीकडच्या एका छोट्या गावात दुसरीला शिकवायच्या. त्या तिकडच्याच, त्यामुळे बोलणंही तिकडचंच. त्यांच्या वर्गातली निम्मी मुलं ऊसतोडणीला गेलेल्या आईबापांबरोबर हंगामभर बाहेर असत. परत आली की पुस्तकातली मराठी त्यांना परक्यासारखी वाटे. इतर शाळांत अशी मुलं मागच्या भिंतीला टेकून गप्प बसलेली मी पाहिली होती. बाईंच्या वर्गात ती बोलत होती. का बोलत होती, हाच तर माझा अभ्यास होता.

त्यातली मनीषा नावाची मुलगी मला अजून आठवते. परत आल्यावर चार दिवस तिनं तोंड उघडलं नव्हतं. बाईंनी तिला जवळ घेतलं. "ये गं, हिकडं बस. कोपीवर काय काय हुतं, सांग बरं समद्यांना." आणि ती पोर सुरू झाली. उसाच्या पाचटाच्या त्या खोपटात लई धूर व्हायचा, मंग आमी भाईर निजायचो, बैलाला रातीला थंडी वाजायची. बाईंनी तिची तीच वाक्यं फळ्यावर लिहिली आणि तिच्याकडूनच वाचून घेतली. मग शेजारीच पुस्तकातल्या मराठीत तेच लिहिलं. मी मागं बसून मोबाईलवर सगळं रेकॉर्ड करत होतो. इतकं चांगलं शिकवणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं — खरं सांगायचं तर त्यानंतरही नाही.

रेकॉर्डिंगची परवानगी देताना बाई थोड्या बिचकल्या होत्या. म्हणाल्या, "सर, माजं बोलनं असं गावठी. कुनी आयकलं तर?" मी म्हणालो, "माझ्याशिवाय कोणी ऐकणार नाही." शब्द दिला होता मी.

पुढे नगरला शिक्षकांचा एक मेळावा झाला. मलाही बोलायला बोलावलं होतं. सकाळी चहाच्या टेबलाशी बाई भेटल्या. नवी साडी होती अंगावर. "तुमचं आयकायला आले," म्हणाल्या. म्हणजे त्या हॉलमध्ये आहेत हे मला ठाऊक होतं. हे लक्षात असू द्या — मला ठाऊक होतं.

माझी पाळी जेवणाच्या आधी आली. लोक कंटाळले होते, कुणी घड्याळ बघत होतं. आणि मी काय केलं? बाईंचं रेकॉर्डिंग लावलं. नाव घेतलं नाही, गाव सांगितलं नाही, तेवढ्यानं शब्द पाळला जातो असं स्वतःला समजावलं. दुसऱ्याच वाक्याला कुणीतरी हसलं. मग रांगच्या रांग हसली. पुढं बसलेले शिक्षण खात्यातले एक साहेब मोठ्यानं म्हणाले, "ह्या शिक्षिका आहेत, का खिचडी शिजवणाऱ्या मावशी?"

तिथं मला एकच वाक्य बोलायचं होतं: या बोलण्यामुळेच त्या वर्गातली मुलं बोलतात. ते तयार होतं, प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. पण साहेब हसत होते, हॉल हसत होता — आणि मीही हसलो. नुसता हसलो असतो तरी एक वेळ... मी म्हणालो, "म्हणून तर प्रशिक्षणाची गरज आहे, साहेब."

टाळ्या पडल्या.

मी बाईंना शोधलं. डाव्या बाजूला, खांबाजवळ बसल्या होत्या. त्याही हसत होत्या. शेजारणीला संशय येऊ नये म्हणून हसत होत्या. जेवणाच्या पंगतीत मी त्यांच्या दिशेला गेलोच नाही.

माझ्याही घरी असंच बोलत असत. राहुरीजवळच्या खेड्यातून आलो तेव्हा मीही "न्हाई", "व्हय" म्हणायचो, आणि ते घासून घासून काढलं होतं. यात माझी बाजू शोधू नका. उलट त्या बाईंच्या बाजूनं बोलण्याचा पहिला हक्क माझा होता.

उरलेलं काम होतं म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पुन्हा शाळेत गेलो. बाई अगदी पुस्तकासारखं बोलत होत्या. "मुलांनो, इकडे लक्ष द्या." मनीषा उठून काहीतरी सांगायला लागली, "बाई, मी आनलंय—" बाई म्हणाल्या, "आनलंय नाही, आणलंय. पुन्हा म्हण." ती पुन्हा म्हणाली नाही. खाली बसली. तासभर तिचा आवाज आला नाही, मग हळूहळू इतरांचाही येईनासा झाला.

तास संपल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. "आता बरोबर होतंय ना, सर?"

मी म्हणालो, "हो. छान."

दुसऱ्यांदा संधी होती ती, आणि समोर फक्त एक बाई होत्या. ना साहेब होते, ना हॉल.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग मी प्रबंधात घेतलं नाही. पहिलंच घेतलं. निष्कर्ष खरा आहे, पद्धत खरी आहे. ती जिच्याकडून शिकलो तिच्याकडून ती मीच काढून घेतली, एवढंच त्यात लिहिलेलं नाही.

मागच्या वर्षी श्रीरामपूरला माझं प्रशिक्षण होतं. गर्जे बाई आता तिकडच्या शाळेत आहेत; केस पांढरे झालेत. मुलांशी घरच्यासारखं बोला, त्यांची वाक्यं फळ्यावर लिहा, असं मी दिवसभर सांगत होतो. शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हटलं, तेव्हा त्या उभ्या राहिल्या. स्वच्छ, पुस्तकी मराठीत, आवाज न चढवता म्हणाल्या, "सर, हे चालतं, असं आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर बरं झालं असतं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली आणि आभाराची स्लाइड लावली.