पिवळ्या शाईपायी

आमच्या घरातला वायरलेस प्रिंटर छापतो, स्कॅन करतो, झेरॉक्सही काढतो. फक्त नड असेल तेव्हाच अडून बसतो. त्या रविवारी बाबांच्या बालमित्राची, नानांची शोकसभा होती. बाबांनी दोन दिवस आठवून आठवून चार शब्द सांगितले, मी ते टाइप केले. त्यांची नजर अधू, म्हणून मोठ्या अक्षरांत छापायचे होते. प्रिंटरने कळवलं, पिवळी शाई संपली. काळी भरपूर होती, तरी छापेना. बंद केला, चालू केला, शेवटी एक दणका घातला.

"काळ्या अक्षरांना पिवळी शाई कशाला लागते रे?" बाबांनी विचारलं.

मी विकत आणलेली वस्तू माझ्याच घरात मला नाही म्हणत होती, आणि ज्यांनी तिला हे शिकवलं त्यांना नाना माहीत नव्हते.

मग जाड मार्करने सगळं हाताने लिहिलं. पोचलो तेव्हा सभा संपून लोक चपला शोधत होते. बाबा थेट नानांच्या फोटोसमोर गेले आणि रिकाम्या खुर्च्यांकडे पाठ करून त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. माझे डोळे भरायला हवे होते. मी मुठी आवळून उभा होतो.